आरोग्यावरच्या खर्चात जैवविविधतेचा वाटा असावा का?

पाणथळ

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या योजना आखणाऱ्यांबरोबर काही वर्षे काम केल्यानंतर मनात घोळत राहिलेला एक प्रश्न इथे मांडत आहे. रुग्णालये, लसी, औषधे, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांवरचा खर्च हा आरोग्यावरचा खर्च आहे, याबद्दल कोणाचे दुमत नसते. जंगले, पाणथळ जागा, परागीभवन करणारे कीटक किंवा मेलेली जनावरे फस्त करणारे पक्षी यांच्यावरचा खर्च मात्र पर्यावरणाच्या खात्यात मांडला जातो आणि पैसे कमी पडले की कात्री प्रथम तिथेच लागते.

सुमारे दहा लाख प्रजातींवर नामशेष होण्याची टांगती तलवार आहे, असा अंदाज जैवविविधतेचा आढावा घेणाऱ्या आयपीबीईएस या आंतरशासकीय संस्थेने २०१९ साली दिला. अशी बातमी छापून येते, चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि ती निसर्गप्रेमींची बातमी म्हणून बाजूला पडते. माझ्या मते ती आरोग्याचीही बातमी आहे. म्हणून प्रश्न असा की आरोग्यासाठी राखून ठेवलेल्या पैशांतील काही भाग परिसंस्था टिकवण्यासाठी द्यावा का, आणि द्यायचा तर नेमका कशासाठी? ‘निसर्ग चांगला असतो’ एवढे उत्तर अर्थसंकल्प मांडणाऱ्यासमोर टिकत नाही. तेव्हा शक्य तितके पुराव्यानिशी लिहावे, ही विनंती.

उगीचच

पुरावा मागितला आहे, म्हणजे हा धागा लवकर मिटत नाही. मी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतो.

तळटीप

माझ्या माहितीत या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर देणारे उदाहरण भारतातील गिधाडांचे आहे. त्यातला कार्यकारणभाव बऱ्याच नेटाने तपासला गेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक १९९०च्या दशकात स्वस्त झाले आणि जनावरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर लगेच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरते. शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घसरण घडवून आणायला ते पुरेसे होते, असे नंतरच्या गणितातून दिसले; कारण एका मृत जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. तीन प्रजातींची संख्या दशकभरात नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक घटली. कारण मात्र २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतरच निश्चित झाले आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

आता माणसांकडे येऊ. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांना पूर्वापार अनुकूल असलेले जिल्हे आणि मुळातच गिधाडे कमी असलेले जिल्हे यांच्यातील मृत्युदरांची तुलना केली. औषधाचा वापर सुरू होण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांचे आलेख जवळजवळ हातात हात घालून चालत होते. नंतर गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. उघड्यावर कुजणारी जनावरे, त्यातून दूषित होणारे पाणी आणि वाढलेली भटकी कुत्री ही त्यामागची साखळी असल्याचे ते सांगतात. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असल्याने बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. कुत्र्याच्या किंवा उंदराच्या बाबतीत तसे होत नाही.

थोडक्यात, एक फुकटची स्वच्छता यंत्रणा बंद पडली आणि ती बंद पडल्याचे आरोग्यखात्याच्या कोणत्याही तक्त्यात उमटले नाही.

काटेकोर

तळटीप यांनी दिलेला अभ्यास मलाही पटतो. पण त्यावरून धाग्याच्या शीर्षकातील निष्कर्ष निघत नाही, एवढे नोंदवून ठेवतो. गिधाडांचे उदाहरण हे ठरावीक काम करणाऱ्या ठरावीक पक्ष्यांचे उदाहरण आहे. प्रजातींची एकूण संख्या घटल्याने माणसे मेली, असे त्यातून दिसत नाही. मेलेली जनावरे खाणारा पक्षी गेल्याने ती मेली, असे दिसते. उद्या तिथे पतंगांच्या वीस प्रजाती वाढल्या असत्या, तर मृत्यू एकानेही कमी झाला नसता.

दुसरे म्हणजे निसर्ग आरोग्याला नेहमीच पोषक असतो, हे गृहीतक. इटलीतील पाँटाईन दलदल १९३०च्या दशकात उपसून कोरडी केली, तेव्हा तिथला हिवताप झपाट्याने ओसरला. जैवविविधतेच्या दृष्टीने तो ऱ्हासच होता. सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परागकणांची अॅलर्जी, गोचिडी, जळवा हीही जैवविविधताच आहे. जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्यात.

उगीचच

जळवांच्या बाजूने कोणी वकीलपत्र घेणार आहे का?

नाडीपरीक्षा

मी घेतो. शस्त्रक्रियेने पुन्हा जोडलेल्या बोटात किंवा त्वचेच्या पट्ट्यात रक्त साकळले, तर आजही औषधी जळवा लावल्या जातात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली आहे. काटेकोर, आपण उदाहरण जरा जपून निवडायला हवे होते.

गंभीरपणे सांगायचे तर काटेकोर यांचा आक्षेप योग्य आहे, पण एका ठिकाणी तो अपुरा पडतो. मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि दमा व अॅलर्जी असलेली मुले रोज पाहतो. रोगप्रतिकारशक्ती केवळ शत्रूंशी लढायला शिकते असे नाही. कोणाशी लढायचे नाही, हेही तिला शिकावे लागते, आणि ते शिक्षण आयुष्याच्या सुरुवातीच्या वर्षांत माती, वनस्पती व प्राणी यांच्यावरील निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या संपर्कातून होते. इथे एखादा ठरावीक जंतू पुरेसा पडतो असे दिसत नाही. त्यांचे वैविध्यच महत्त्वाचे असावे, असे मानायला जागा आहे.

फिनलंडमधील एका प्रयोगात काही पाळणाघरांच्या खडी पसरलेल्या अंगणांत जंगलातील जमिनीचा वरचा थर आणि हिरवळ आणून टाकली. तीन ते पाच वर्षांची मुले तिथे रोज खेळू लागली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांचे वैविध्य वाढले आणि रक्तात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या घटकांचे प्रमाण सुधारले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन समाज वंशाने एकमेकांच्या जवळचे आहेत. पण पारंपरिक पद्धतीने, गोठ्याला लागून राहणाऱ्या आमिश मुलांमध्ये दम्याचे प्रमाण यंत्रांनी शेती करणाऱ्या हटराइट मुलांच्या मानाने बरेच कमी आढळले, आणि आमिश घरांतील धुळीने उंदरांमध्ये दम्यासारखा दाह रोखल्याचेही प्रयोगात दिसले.

पालक मला विचारतात, “मग मुलाला मातीत खेळू द्यायचे का?” माझे उत्तर असते की अवश्य खेळू द्या, धनुर्वाताची लस वेळेवर द्या आणि जेवणापूर्वी हात धुवायला लावा. स्वच्छतेने वाचलेले जीव मोजायला बसलो तर आपल्या हातांची बोटे पुरणार नाहीत, त्यामुळे ‘घाण चांगली’ असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

काटेकोर

जळवा मान्य. फिनलंडच्या प्रयोगाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी: त्यात रक्तातील निर्देशक बदलले, दमा किंवा अॅलर्जी कमी झाली का हे त्यात तपासलेले नव्हते. मुलेही पाऊणशेच होती. दिशा आशादायक आहे, एवढेच आजच्या घडीला म्हणता येईल.

नाडीपरीक्षा

बरोबर आहे. म्हणूनच मी ते औषध म्हणून लिहून देत नाही. खर्चाचा विचार केला, तर खडीऐवजी झाडोरा असलेल्या अंगणाला किती अधिक लागते, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

निशाचर

वटवाघळांचे नाव अजून कोणी घेतले नाही, आणि घेतले जाईल तेव्हा साथीचा उगम म्हणूनच घेतले जाईल, या भीतीने आधीच लिहीत आहे.

अमेरिकेत २००६च्या हिवाळ्यापासून एका बुरशीमुळे शीतनिद्रा घेणारी वटवाघळे मोठ्या संख्येने मरू लागली. नाकावर पांढरी बुरशी दिसते, म्हणून त्या रोगाला पांढऱ्या नाकाचा रोग म्हणतात. ज्या काऊंटींमध्ये (तिथल्या जिल्ह्यांमध्ये) हा रोग पोहोचला, तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला, कारण पिकांवरचे किडे रात्रीतून खाणारे कोणी उरले नव्हते. त्याच काऊंटींमध्ये अपघात वगळता इतर कारणांनी होणारे अर्भकमृत्यू सुमारे आठ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यासही वर उल्लेख आलेल्या फ्रँक यांचाच, २०२४ सालचा. बुरशी एकेका प्रदेशात वेगवेगळ्या वर्षी पोहोचल्यामुळे रोग येण्याआधीची व नंतरची तुलना शक्य झाली. केवळ दोन आलेख शेजारी ठेवून काढलेला हा निष्कर्ष नाही, हे काटेकोर यांच्यासाठी मुद्दाम सांगतो.

साथींबद्दल म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातील हेंड्रा विषाणूचे उदाहरण पाहा. तो १९९४ साली प्रथम आढळला. फळे आणि मध खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून तो घोड्यांत आणि घोड्यांकडून माणसांत येतो. सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की हिवाळ्यात फुलणारी जंगले तोडली गेल्याने वटवाघळे अन्नासाठी शेती आणि कुरणांच्या आसपास लहान लहान थव्यांनी कायमची राहू लागली, आणि उपासमारीच्या काळात त्यांच्याकडून विषाणू अधिक बाहेर पडू लागला. ज्या हिवाळ्यांत उरल्यासुरल्या जंगलात भरपूर फुलोरा आला, त्या हिवाळ्यांत वटवाघळे तिकडे परतली आणि घोड्यांना लागण झाल्याची नोंद झाली नाही. म्हणजे हिवाळ्यात फुलणारी झाडे लावणे हा तिथे रोगप्रतिबंधक उपाय ठरू शकतो. पाणथळ, तुमच्या अर्थसंकल्पात या झाडांना कोणत्या रकान्यात बसवाल?

पाणथळ

नेमका हाच माझा प्रश्न आहे, निशाचर. आज त्यांना रकानाच नाही.

गांडूळमित्र

कीटकनाशकांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी शेती करतो. सतत फवारणी केल्यावर मूळची कीड काही काळ दबते, पण तिला खाणारे मित्रकीटक तिच्याआधी मरतात, आणि मग पूर्वी ज्याची दखलही घ्यावी लागत नव्हती तो कोळी (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) पिकावर चढतो. त्यासाठी वेगळे औषध, त्यानंतर आणखी वेगळे. फवारणाऱ्याला चक्कर येणे, डोळे चुरचुरणे, मळमळणे हे नेहमीचेच होऊन बसते आणि त्याची नोंद कुठल्याच दवाखान्यात होत नाही, कारण त्यासाठी कोणी दवाखान्यात जातच नाही. मी फवारणी पूर्ण बंद केलेली नाही. मात्र बांधावरची फुलझाडे व गवत राखून आणि कीड मोजून मगच फवारायचे, असे ठरवल्यापासून फवारण्या बऱ्याच कमी झाल्या आहेत.

परागीभवनाचे सांगायचे तर जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमीअधिक प्रमाणात कीटक, पक्षी यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून आहेत. पोट भरणारी तृणधान्ये वाऱ्यावर किंवा स्वपरागीभवनावर भागवतात. फळे, भाज्या, कवचफळे यांना कीटक लागतात. त्यामुळे मधमाश्या कमी झाल्या तर लोक उपाशी मरणार नाहीत, पण त्यांचे अन्न निकस होईल. अपुऱ्या परागीभवनामुळे फळे, भाज्या आणि कवचफळे कमी पिकून दरवर्षी सव्वाचार लाखांहून अधिक अकाली मृत्यू होत असावेत, असा अंदाज २०२२ साली मांडला गेला; ते मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि काही कर्करोग अशा कारणांखाली नोंदले जातात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘मधमाशी’ असा रकाना कोण लिहिणार?

पर्णिका

झाडांबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून थोडी भर घालते. ॲश जातीच्या झाडांची साल पोखरणारा, पाचूसारखा हिरवा भुंगेरा आशियातून अमेरिकेत पोहोचल्याचे २००२ साली उघड झाले आणि पाहता पाहता तिथली कोट्यवधी झाडे वाळली. ज्या पंधरा राज्यांत तो पसरला, तिथल्या बाधित काऊंटींमध्ये हृदयविकार व श्वसनाचे विकार यांमुळे मिळून सुमारे २१ हजार जास्तीचे मृत्यू झाले, असे २०१३ सालच्या एका अभ्यासात आढळले. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास तर अनेकांना ठाऊक असेल: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आता काटेकोर यांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते. इंग्लंडमधील शेफिल्ड शहराच्या बागांमध्ये झालेल्या एका अभ्यासात वनस्पतींची विविधता अधिक असलेल्या बागेत लोकांना अधिक मानसिक समाधान मिळते, असे दिसले होते. पुढे त्याच शहरात नदीकाठी केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रजातींच्या संख्येशी तसा सरळ संबंध आढळला नाही. लोकांना जितक्या प्रजाती आहेत असे वाटत होते, तितके त्यांचे समाधान वाढत होते, आणि त्यांचा अंदाज प्रत्यक्ष संख्येशी जुळत नव्हता.

उगीचच

माझ्या कार्यालयाच्या खिडकीतून विटांची भिंत दिसते. पर्णिका यांचा प्रतिसाद रजेच्या अर्जाला जोडत आहे. साहेबांनी विचारलेच, तर भिंतीवर शेवाळाच्या अनेक प्रजाती आहेत असे मला वाटते, आणि वाटणे पुरेसे आहे असे शेफिल्डकर म्हणतात.

शून्यप्रहर

औषधांचा मुद्दा राहिलाच. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळाले. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल घडले. हिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या लाळेतील एका घटकावरून मधुमेहावरचे एक्झेनाटाइड तयार झाले, आणि आज वजन कमी करण्यासाठी गाजत असलेल्या औषधांच्या कुळातले बाजारात आलेले ते पहिले औषध होते. हिवतापावरच्या आर्टेमिसिनीनसाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळाले, हे तर सर्वश्रुत आहे.

आणि हातातून निसटलेले उदाहरण सांगायचे तर ऑस्ट्रेलियातील जठरात पिल्ले वाढवणारा बेडूक. मादी फलित अंडी गिळायची आणि पिल्ले जठरात वाढत असताना जठरातील आम्लाचा स्राव थांबायचा. तो कसा थांबतो, याचा शोध पुरता लागण्याआधीच दोन्ही प्रजाती गेल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर त्या कोणाला दिसलेल्या नाहीत. आम्लपित्ताने पिडलेल्या माणसाने यावर विचार करावा.

तळटीप

शून्यप्रहर, यादी उत्तम आहे, पण संवर्धनासाठी पैसे मागताना हा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो. औषध कंपन्यांच्या हिशेबात एखाद्या अज्ञात प्रजातीतून उपयुक्त रेणू मिळण्याची शक्यता इतकी कमी असते की त्यापोटी जंगल राखायला कोणी पैसे देत नाही. १९९०च्या दशकात तसे करार करण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतून अपेक्षेएवढे काही हाती लागले नाही. शिवाय रेणू एकदा कळला की तो प्रयोगशाळेत बनतो किंवा दुसऱ्या स्रोतातून मिळतो. पॅक्लिटॅक्सेलसाठी पुढे दुसऱ्या जातीच्या यू वृक्षाची पाने वापरून काम भागले. सदाफुली तर आज जगभर कुंड्यांतून फुलते आहे; तिच्यासाठी मादागास्करचे जंगल राखले गेले, असे झालेले नाही.

शून्यप्रहर

शक्यता कमी आहे, हे मान्य. पण पाने वापरता आली, कारण यू वृक्षाची ती दुसरी जात जिवंत होती. मेलेल्या प्रजातीच्या बाबतीत ही सोय राहत नाही, आणि आपण नेमके काय गमावले हे मोजताही येत नाही. आरोग्यखात्याने यासाठी पैसे द्यावेत, असे मी म्हणत नाही. विज्ञानखात्याने मात्र द्यावेत.

काटेकोर

आता रोगप्रसाराच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण जैवविविधता आणि आरोग्य या विषयातला सर्वांत मोठा वाद तिथेच आहे.

अमेरिकेतील लाइम रोगाचा जंतू गोचिडीतून माणसात येतो. गोचिडीला तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून मिळतो. जंगलात इतर प्राणी भरपूर असतील, तर बऱ्याच गोचिड्या अशा प्राण्यांवर पोसल्या जातात जे जंतू पुढे देत नाहीत, आणि त्यामुळे बाधित गोचिड्यांचे प्रमाण घटते. ऑस्टफेल्ड आणि कीसिंग या संशोधकांनी मांडलेल्या या कल्पनेला विरलीकरण परिणाम म्हणता येईल. दोन हेक्टरांहून लहान जंगलतुकड्यांत, जिथे उंदीर सोडून फारसे कोणी टिकत नाही, तिथे बाधित गोचिड्या अधिक आढळल्या, हे या कल्पनेला अनुकूल होते.

टीकाकारांनी तितकेच वजनदार प्रश्न विचारले. हा नियम सर्वत्र लागू होतो का? प्राणी वाढले की गोचिड्यांना मिळणारे अन्नही वाढते; मग बाधित गोचिड्यांचे प्रमाण घटले तरी त्यांची एकूण संख्या वाढू शकते. मूळ जंगलात रोग कमी आणि विस्कळीत जंगलात जास्त, हे काही रोगांबाबत खरे आहे, सर्वच रोगांबाबत नाही. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता विविधतेबरोबर रोगप्रसार घटण्याचे उदाहरण पुष्कळ ठिकाणी सापडले, पण आकडेमोड कशी करावी यावरून तज्ज्ञांचे वाद सुरूच राहिले.

माझ्या मते या वादातून बाहेर पडण्याचा मार्ग २०२० सालच्या एका व्यापक अभ्यासाने दाखवला. जगभरातील हजारो ठिकाणच्या प्राणीसमूहांची तुलना केल्यावर असे दिसले की माणसाने बदललेल्या जमिनीवर माणसांना लागू शकणारे रोगजंतू बाळगणाऱ्या प्रजातींचा वाटा वाढतो. विशेषतः उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी, काही वटवाघळे आणि लहान पक्षी. झटपट प्रजनन करणारे, काहीही खाणारे, माणसाजवळ राहू शकणारे प्राणी तग धरतात आणि तेच बहुधा रोगजंतूंचे चांगले वाहक ठरतात. म्हणजे प्रश्न ‘किती प्रजाती गेल्या’ इतकाच राहत नाही. कोणत्या गेल्या आणि कोणत्या उरल्या, हे पाहावे लागते. गिधाडांच्या वेळी मी हेच म्हणत होतो.

निशाचर

पण काटेकोर, कोणती प्रजाती कोणते काम करते हे आपल्याला ती गेल्यावरच कळते, ही अडचण तुमच्या युक्तिवादात कुठे बसते? बुरशीजन्य रोगाने मध्य अमेरिकेतील बेडूक संपत होते, तेव्हा कोस्टा रिका आणि पनामामध्ये हिवताप वाढेल असे कोणी भाकीत केले नव्हते. त्या वाढीचा बेडकांच्या ऱ्हासाशी असलेला संबंध २०२२ साली दाखवला गेला, म्हणजे कित्येक वर्षांनी. बेडूकमासे डासांच्या अळ्या खातात आणि त्यांच्याशी अन्नासाठी स्पर्धाही करतात, हे शाळेच्या पुस्तकात होते. तरीही दोन्ही टोके कोणी जोडली नव्हती. कामगिरी ठाऊक असलेल्याच प्रजाती वाचवायच्या म्हटले, तर गिधाडेदेखील १९९० साली तुमच्या यादीत नसती.

काटेकोर

नसती, हे खरे आहे. या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण आरोग्यखात्याचा रुपया मर्यादित आहे आणि तो अज्ञातावर खर्च करताना लसीकरणातून काढून घ्यावा लागेल, हेही तितकेच खरे आहे. अज्ञातासाठी सावधगिरी म्हणून संरक्षित क्षेत्रे असावीत आणि त्यांचा खर्च सर्वसाधारण महसुलातून व्हावा, असे मला वाटते.

पर्णिका

या साऱ्या चर्चेत माझ्या मनाला एक गोष्ट खटकते आहे. ज्या जिवाचा माणसाच्या आरोग्याशी काडीचा संबंध नाही, त्याने जगावे की नाही, हे आपण कोणत्या तक्त्यात मांडणार? उपयोगाचा दाखला मागायची सवय एकदा लागली की दाखला न देऊ शकणाऱ्याचा हक्क आपोआप संपतो.

पाणथळ

पर्णिका, तुमच्या भावनेशी मी सहमत आहे. मात्र तो प्रश्न मोठा आहे आणि त्याला स्वतंत्र धागा शोभेल. आरोग्याचा मुद्दा मांडल्याने इतर मुद्दे बाद होत नाहीत. ज्या टेबलाशी फक्त आरोग्याचीच भाषा ऐकली जाते तिथे ती बोलता यावी, एवढाच माझा हेतू आहे.

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून मला असे दिसते की काटेकोर आणि निशाचर यांच्यातले अंतर वाटते तितके नाही. कार्यकारणाची साखळी ठाऊक आहे आणि हस्तक्षेप करता येतो, अशा ठिकाणी आरोग्याचा पैसा खर्च करण्यास काटेकोर यांचा विरोध नसावा. सेनेगलचे उदाहरण घेऊ. सेनेगल नदीवर १९८६ साली डियामा धरण बांधून झाले. त्याने खारे पाणी अडले, गोड्या पाण्यातील गोगलगायी वाढल्या आणि त्या खाणाऱ्या कोळंबींचा समुद्रमुखाकडे जाण्यायेण्याचा मार्ग बंद झाला. गोगलगायींतून पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाची तिथे मोठी साथ आली. औषध देऊन कृमी मरतात, पण मूल पुन्हा त्याच पाण्यात उतरले की पुन्हा लागण होते. पुढे संशोधकांनी कोळंबी पुन्हा सोडून पाहिली, तसेच गोगलगायींना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती काढून पाहिल्या. दोन्ही प्रयोगांत लागण घटली. काढलेल्या वनस्पती खत आणि चारा म्हणून कामी आल्या.

गांडूळमित्र

पाणवनस्पती काढणे म्हणजे जैवविविधता वाढवणे कसे? मला तर ती तणनिंदणी वाटते.

पाणथळ

तिथे खतांच्या निचऱ्यामुळे एकाच प्रकारची पाणवनस्पती माजली होती, त्यामुळे ती निंदणीच म्हणा. परिसंस्था निरोगी ठेवायची तर कधी काही सोडावे लागते, कधी काही काढावे लागते.

काटेकोर

पाणथळ यांचा अंदाज बरोबर आहे. अशा खर्चाला माझा विरोध नाही. अट एकच: लागण किती घटली, हे मोजणारी व्यवस्था त्याच तरतुदीत असावी आणि ठरलेल्या मुदतीत फरक दिसला नाही तर खर्च थांबावा.

नाडीपरीक्षा

या अटीत सहज बसेल अशी एक सूचना करतो. जंगलातील माकडांचे मृत्यू ही काही रोगांची आगाऊ सूचना असते. क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात ओळखला गेला, तो माकडे पटापट मरू लागल्यामुळेच. आजही तिथे माकड मेल्याची बातमी आली की माणसांमधील रुग्णांचा शोध सुरू होतो. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या बाबतीत मोठ्याने ओरडणारी हाऊलर माकडे हेच काम करतात: जंगल एकाएकी शांत झाले की लसीकरण कुठे आधी करायचे ते ठरते. मेलेल्या प्राण्याची खबर आरोग्ययंत्रणेपर्यंत पोहोचवायला फार खर्च येत नाही, आणि खबर मिळाल्यापासून पहिल्या रुग्णापर्यंत किती दिवस हाताशी आले, हे काटेकोर यांना मोजताही येईल.

तळटीप

यात गिधाडांसारखे मरण येणाऱ्या पक्ष्यांचीही भर घाला. माकडाच्या मृत्यूची दखल घेतली जाते, कारण त्यामागे तोच रोग असतो जो माणसाला होतो. गिधाडे मात्र औषधाने मरत होती, त्यामुळे त्यांचे मरण कोणत्याच आरोग्ययंत्रणेला स्वतःचे वाटले नाही. जनावरांच्या नव्या औषधांची मृतभक्षक पक्ष्यांवर चाचणी सक्तीची करणे, हा माझ्या मते आरोग्यखात्याने आग्रह धरावा असा विषय आहे. डायक्लोफेनॅकनंतर त्याच जातकुळीची इतर औषधे बाजारात राहिली आणि भारतात केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांच्यावर बंदी यायला २०२३ साल उजाडले. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय त्याच्या कितीतरी आधी माहीत होता.

पाणथळ

दोन्ही सूचना टिपून घेतल्या आहेत. अडचण एवढीच की माकड वनखात्याच्या हद्दीत मरते, नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत जातो आणि रुग्ण आरोग्यखात्याच्या नोंदीत येतो. तिघांचे अर्ज वेगळे आणि तिघांचे वर्षाचे हिशेबही वेगळे. पैसा आरोग्यखात्याने द्यावा आणि खबर इतर दोघांनी द्यावी, असा मसुदा करून पाहते.

उगीचच

तीन खात्यांचे एकत्र अधिवास हीच सर्वांत दुर्मीळ परिसंस्था आहे. तिच्या संवर्धनासाठी वेगळी तरतूद ठेवा.

निशाचर

मसुद्यात एक कलम माझ्या आग्रहाखातर घाला. ब्राझीलमध्ये पीतज्वराची साथ आली, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी माकडांनाच मारायला सुरुवात केली. वास्तविक रोग डास पसरवतात; माकडे मेली की सूचना देणारेच संपतात आणि डासांना माणसाखेरीज दुसरे कोणी उरत नाही. माकड मेल्याची बातमी जाहीर करताना त्याच निवेदनात पीतज्वराची माकडाकडून माणसाला थेट लागण होत नाही, हे लोकांच्या भाषेत लिहिलेले असावे, आणि ते निवेदन खबर पोहोचेल त्याच दिवशी निघावे.

पाणथळ

घालते. काटेकोर, मोजमापाचे परिशिष्ट तुम्ही लिहून द्याल का?

काटेकोर

देतो. पण त्यासाठी आधीच्या काही वर्षांतील माकडांच्या मृत्यूंच्या तारखा लागतील, म्हणजे सुरुवात वनखात्याच्या जुन्या नोंदवह्यांपासून करावी लागेल.